चौथ्या दिवसाचा शब्द

अंगठ्याला बांधायचा दोरा सुती हवा. नायलॉनचा घसरतो.

काचेची भट्टी मध्येच विझवता येत नाही. विझवली तर आतली काच थिजते आणि मग भट्टीच फोडावी लागते.

सोसायटीच्या बैठकीत चिटणीस म्हणाले, "कॉर्पसला कुणी हात लावायचा नाही." कुणीही लावला नव्हता.

मेलेल्या शब्दापुढे फुली मारायची. शाईने.

पहिले तीन दिवस पाहुणा म्हणायचं.

"मला उताणी झोपवू नकोस गं. छताकडे बघत पडायचं काम मी जन्मभर दुसऱ्यांना दिलंय."

यातलं पहिलं, पाचवं आणि शेवटचं बोलणं माझ्या आईचं. भट्टीचं दादाचं, तो सहा तासांवरच्या शहरात काचेच्या कारखान्यात फोरमन आहे. फुलीचं माझ्या साहेबांचं. चिटणिसांचं वाक्य मी चिठ्ठीवर उतरवून घेतलं, कारण माझं कामच ते आहे.

मी कोशाच्या कार्यालयात आहे. परभाषांतून आपल्याकडे आलेल्या शब्दांचा कोश. टायरच्या दुकानावरचा मजला, चार खोल्या, भिंतभर लाकडी खण आणि खणांत चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो ज्यात आला ते वाक्य, कोण बोललं, कधी, कुठे. अकरा वर्षं मी दुसऱ्यांनी आणलेल्या चिठ्ठ्या क्रमाने लावत आले. नोंद जो तयार करतो त्याची आद्याक्षरं तिच्याखाली छापतात, मुंगीएवढ्या टायपात. दोन खंड झाले, चौदा हजार नोंदी झाल्या, माझी मुंगी कुठेच नव्हती.

तिसऱ्या खंडाला साहेबांनी एक अख्खी नोंद माझ्यापुढे टाकली. टाकली म्हणजे खरोखर टाकली, माझा चहा सांडला. ऑफिसात त्यांना मागून फुलीसाहेब म्हणतात. ते त्यांना माहीत आहे आणि आवडतं.

"कॉर्पस," ते म्हणाले. "लॅटिन. मूळ अर्थ देह. हाडामांसाचा, साधा देह. आता आपल्याकडे काय काय पोचलंय बघ. संस्थेचा राखीव निधी. कोर्टाचा तो अर्ज, माणूस समोर हजर करा म्हणून. कॉम्प्युटरवाल्यांचा शब्दसाठा. डॉक्टरांच्या पुस्तकात मेंदूच्या एका पट्ट्याचं नाव. देह सोडून सगळं आलंय. पहिल्या अर्थापुढे फुली मार आणि बाकीचं नीट लाव."

"पहिला अर्थ जिवंत आहे, सर."

"कुणाच्या तोंडी?"

"माझ्या आईच्या."

ते हसले. "आई सगळ्यांचीच बोलते. पुरावा लागतो."

*

आई मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात अटेंडंट होती. एकतीस वर्षं. विद्यार्थी ज्या लांब खोलीत देह उघडून शिकतात तिला सगळे नुसतं हॉल म्हणायचे. आई देह उतरवून घ्यायची, धुवायची, औषधात मुरवायची, टाकीत सोडायची, सत्र सुरू झालं की टेबलावर मांडायची. तिचे हात कोपरापर्यंत नेहमी जरा पांढरट दिसायचे, जणू पीठ मळता मळता कुणी हाक मारली म्हणून उठून आली.

हॉलचा पहिला प्रोफेसर लॅटिनचा भोक्ता होता. त्याने रजिस्टरच्या पहिल्या रकान्यावर कॉर्पस असं लिहून ठेवलं. प्रोफेसर गेला, त्याच्यामागून आलेले आठ-दहा गेले, रजिस्टरं बदलली, पण दरवेळी कारकून जुन्या रजिस्टरवरून नव्यावर रकाने ओढायचा आणि तो शब्द पुढे सरकायचा. अटेंडंट लोकांनी त्याची टोकं झिजवली. कोर्पू. बाईचं असो, बाबाचं असो, ते कोर्पू.

पण कुठलाही मृतदेह म्हणजे कोर्पू नव्हे. इथेच सगळी गोम होती. ज्याला न्यायला कुणी आलेलं नाही असा देह हॉलच्या बाहेरच्या खोलीत तीन दिवस ठेवायचे. त्या तीन दिवसांत तो पाहुणा. पाहुण्याला उद्देशून बोलताना आवाज खाली. त्याच्या खोलीत डबा खायचा नाही. चौकशीच्या खिडकीवर कुणी रडत आलं, ओळख पटवली, की पाहुणा घरी. चौथ्या दिवशी सकाळी रजिस्टरात नोंद, डाव्या पायाच्या अंगठ्याला बिल्ला, आणि तिथून पुढे ते कोर्पू. नोंद झाल्यावर सख्खा मुलगा जरी येऊन उभा राहिला तरी परत द्यायचं नाही. खिडकीवर त्याला म्हणायचं, "उशीर झाला. नोंद झालीये. वस्तू तेवढ्या न्या."

तर शब्दाचा नेमका अर्थ: ज्याचं आता कुणी येणार नाही असं शरीर. एका शब्दात एवढं मावलेलं मी चौदा हजार नोंदींत पाहिलं नव्हतं.

नियम मला तिच्या बरोबरच्यांनी, ते होते तोवर, सांगितले; शब्द तिच्या तोंडून मी एकदाच ऐकला. नऊ वर्षांची होते, विसरलेला डबा द्यायला गेले होते. आत आई कुणाला तरी सांगत होती, "ते कोर्पू कडेला घे, पाणी पडतंय त्याच्यावर." मला बघून तिने जीभ चावली. हॉलचा शब्द घरी आणायचा नाही, ज्याचं कुणी आहे त्याच्यासमोर काढायचा नाही, असा तिथला दंडक. एप्रन खुंटीला आणि शब्द एप्रनच्या खिशात.

आईच्या बरोबरचे सगळे गेले. नवीन पोरं बॉडी म्हणतात. कोर्पू म्हणणारी पृथ्वीवर एकच जीभ उरली होती आणि ती माझ्या घरात, खिडकीशेजारच्या खाटेवर, कंबरेचं हाड मोडून पडली होती.

*

पुराव्याचे नियम साहेबांनी स्वतः केलेले. खंड छापायला जाईल त्या दिवशी बोलणारा हयात असावा. शब्द त्याच्या तोंडून आपणहून यावा. विचारून काढलेला शब्द चालत नाही. ऐकणारे दोघे असावेत आणि त्यातला एक घरचा नसावा. ज्या प्रसंगात शब्द आला तो प्रसंग खरा असावा.

"म्हणजे मी येऊन बसायचं," साहेब म्हणाले, "आणि तुझ्या आईने आपसूक बोलायचं. घेऊन चल. पण मी तिसऱ्यांदा येणार नाही."

पहिल्या खेपेला आई त्यांच्याशी दीड तास बोलली. औषधाचा वास केसांतून जात नाही म्हणून बाबांनी पहिल्या वर्षी तिच्याकडे पाठ करून झोपणं. एका विद्यार्थ्याला चक्कर आली ती थेट टाकीत. प्रोफेसरांची छत्री. सगळं आलं. तो शब्द जिथे यायचा तिथे ती "ते" म्हणायची. "मग ते उचललं." "ते जड असतं, पाणी प्यालेलं."

"ते म्हणजे?" मी न राहवून म्हणाले.

"तुला माहितीये." मग साहेबांकडे वळून, "अहो, ही गेला महिनाभर माझ्या तोंडात बोटं घालतेय. दात संपलेत म्हणलं तरी ऐकत नाही."

जिन्यात साहेब म्हणाले, "फुली तयार ठेवतो."

*

सोमवारी दादा येणार होता. आईला पडून पाच आठवडे झाले होते आणि तो एकदाही आला नव्हता, कारण भट्टीचं अस्तर बदलायचं काम चालू होतं. सोमवारी नक्की, म्हणाला होता. आईने सकाळी मला केस विंचरायला लावले. दोनदा. पहिल्यांदा भांग वाकडा पडला म्हणे.

"कशाला एवढं? दादाच येतोय."

"दादाच? अगं, येणाऱ्याने ओळखायला नको का मला?"

दुपारी दादाचा फोन माझ्या मोबाइलवर आला. आईकडे फोन नव्हता, कानाला लावला तरी त्यातलं बोलणं तिला कळत नसे. दादाचा माणूस आजारी पडला होता, भट्टी टाकून निघता येत नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी निघतो, म्हणाला. मी आईला सांगितलं: आज जमत नाहीये त्याला.

आई छताकडे बघत म्हणाली, "बरं. पहिला दिवस. आज मी पाहुणी."

ती थट्टाच करत होती. तोंडाच्या कोपऱ्यात हसू होतं. पण आमच्या घरातल्या माणसाबद्दल पाहुणी हा शब्द त्या अर्थाने पहिल्यांदा बोलला गेला, आणि मी हातातली कंगवा-फणी धरून तशीच उभी राहिले. एखाद्या खणाची किल्ली अनेक वर्षांनी आपोआप फिरावी तसं झालं. मला पुढचं सगळं दिसलं. मंगळवार दुसरा. बुधवार तिसरा. गुरुवार.

मी गॅलरीत जाऊन दार लोटलं आणि दादाला उलट फोन केला.

"मंगळवारी नको. शुक्रवारी ये."

"का? आईचं काय..."

"डॉक्टर शुक्रवारी येणार आहेत. तू समोर असलास तर बरं. तोवर ती झोपेच्या गोळ्यांवर आहे, येऊन तरी काय करशील? तुझं भट्टीचं आटप."

"नक्की? तिला वाईट नाही ना वाटणार?"

"मी सांगते तिला."

हे मी दादाला म्हणाले. आईला काही सांगितलं नाही. त्यानंतर तीन दिवस मी खोटं बोलले असंही नाही, कारण तिने विचारलं की मी खरं तेच सांगायचे. आला का? नाही आला. फोन? आज नाही आला. खरं तेवढंच बोलून माणसाला किती खाली नेता येतं हे मला तेव्हा कळलं. ऑफिसात आम्ही त्याला अर्थाची मर्यादा आखणं म्हणतो.

मंगळवारी तिने केस विंचरायला लावले. एकदाच.

"दुसरा," ती म्हणाली.

"काय दुसरा?"

"काही नाही. चहा दे."

बुधवारी मी कंगवा घेऊन गेले तर ती म्हणाली, "राहू दे. कुणाला दाखवायचंय." जिन्यात पावलं वाजली की मात्र मान उचलायची. वरच्या मजल्यावरचा मास्तर, खालचा कुरिअरवाला, कचरा न्यायला येणारी बाई. प्रत्येक पावलाला मान तेवढीच उचलली जायची आणि प्रत्येक वेळी जरा जास्त आपटून खाली यायची. मी स्वयंपाकघरात बसून कांदे चिरत होते आणि मोजत होते. चौदा वेळा. संध्याकाळी ती म्हणाली, "तुझ्या दादाला लहानपणी गोवर निघाला तेव्हा सात रात्री मांडीवर घेऊन बसले होते. सांगून ठेवते हो, उपकार म्हणून नाही. नुसतं आठवलं."

तेव्हा मला उठून सांगता आलं असतं. आई, तो शुक्रवारी येतोय, मीच सांगितलंय त्याला. सातच शब्द. मी साहेबांना फोन केला आणि म्हणाले, "उद्या अकराला या."

*

गुरुवार, अकरा वाजून पाच मिनिटं. साहेबांनी बूट दाराबाहेर काढले, खुर्ची खाटेपासून हातभर लांब ओढली, मांडीवर कोरी चिठ्ठी आणि तिच्यावर पेन. मी पायथ्याशी. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आई, ऑफिसातले साहेब आलेत."

"पुन्हा? का, मी कुठे पळून चाललेय का?" ती वळली. तिच्या डोळ्यांखाली रात्रभर न झोपल्याच्या खळग्या होत्या. "बसा. चहा घेणार? हिच्या हातचा घेऊ नका, हिला चहा आणि पाणी यांतला फरक कळत नाही."

साहेब हसले. काही विचारलं नाही. ते या कामात मुरलेले आहेत, शांततेत बसून राहतात, आणि शांतता सहन न होऊन समोरचा बोलतो. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. खाली टेम्पो मागे घेताना कुणीतरी "येऊ द्या, येऊ द्या" ओरडत होतं. आईची मान त्या आवाजाला अर्धी उठली आणि मग तिने ती स्वतःच खाली ठेवली, आपल्याच हाताने दुसऱ्याची ठेवावी तशी.

"मुलगा यायचा होता माझा," ती म्हणाली.

खाली टेम्पोचं इंजिन बंद झालं.

"सोमवारी यायचा होता. सोमवार, मंगळवार, बुधवार." तिने चादरीबाहेर डावा पाय काढला, अंगठा जरा हलवून बघितला आणि पाय तसाच बाहेर ठेवला. "पाहुणी होते तोवर. आता नाही. आता मी कोर्पू झाले, साहेब. नोंद करून टाका."

साहेबांनी नोंद केली. पेनाचा आवाज मला अजून येतो. चिठ्ठी आत्ता माझ्यासमोर आहे:

कोर्पू. न. (लॅ. कॉर्पस, देह) ज्यावर कोणी हक्क सांगायला येणार नाही असे शरीर. "आता मी कोर्पू झाले, साहेब." वक्ता: स्त्री, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त अटेंडंट. स्थळ: राहते घर. न विचारता. श्रोते दोन.

खाली त्यांची सही. त्याखाली माझी.

मी आनंदले. हे लपवण्यात अर्थ नाही. माझे कान तापले. जिवंत माणसाने स्वतःबद्दल वापरलेला! कुठल्याच कोशात असा पुरावा नसेल. आईने मला बघितलं. तिने एकतीस वर्षं चेहरे धुतले होते, मेलेले का असेना, चेहरा वाचायला तिला चष्मा लागत नसे. ती पुन्हा भिंतीकडे वळली.

जिन्यात साहेब थांबले. बुटाची नाडी बांधता बांधता, वर न बघता म्हणाले, "प्रसंग खरा आहे ना? रचलेला असेल तर शब्दही रचलेला. चिठ्ठी फाडावी लागेल."

"मुलगा आला नाही, सर. तुम्ही पाहिलंत."

"आला नाही ते पाहिलं." नाडीची गाठ बसली. "का आला नाही, ते मी विचारत नाहीये. आद्याक्षरं नीट लिहून दे, मागच्या खंडात एकाची उलटी छापली होती."

*

शुक्रवारी सकाळी दादा आला. मोठी निळी बॅग दाराशी टेकवून तसाच खोलीत धावला. बुटांसकट. एवढा मोठा माणूस, पन्नाशीचा, भट्टीच्या धगीने भुवया कायमच्या अर्ध्या झालेल्या.

"आई."

"या," आई म्हणाली. "बसा."

"आई, अगं मी."

"हो हो. उशीर झाला. कालच नोंद झालीये."

त्याला वाटलं ती रुसलीये. तो हसला, तिचा हात धरला, तिच्या कपाळावरून हात फिरवला. तिने हात काढून घेतला नाही. धरूही दिला असं नाही. तिने तो नुसता तिथे असू दिला. "लांबून आलात," ती त्याला म्हणाली, खिडकीवरच्या आवाजात, जो मी लहानपणी एकदाच ऐकला होता आणि ज्यात राग नावाला नव्हता. "होतं असं. गाड्या चुकतात. पण नियम आहे. वस्तू तेवढ्या न्या." आणि तिने उशीखालून चष्मा काढला, मनगटावरचं घड्याळ काढलं, आणि सोमवारची कंगवा-फणी, तिच्यावर दोन पांढरे केस होते, असं तिन्ही त्याच्या ओंजळीत ठेवलं.

दादा बाहेर येऊन स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभा राहिला. ओंजळ तशीच. "हिला काय झालंय? मी आज येतोय हे सांगितलं होतंस ना तू?"

माझ्यापुढे दोन वाक्यं होती. एक बोलले असते तर आईला मुलगा परत मिळाला असता आणि चिठ्ठी फाटली असती. प्रसंग रचलेला, शब्द रचलेला.

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "विसरली असेल. वय झालंय, दादा."

"मला अहो-जाहो करतेय गं."

"वय झालंय."

तो दोन दिवस राहिला. तिला भरवायला बसला की ती म्हणायची, "तुम्ही कशाला? इथे माणसं आहेत त्या कामाला." रविवारी दुपारी त्याने निळी बॅग उचलली. "मला ओळखतच नाही तर मी इथे बसून करू काय? तिला परकं कुणी सारखं समोर असल्यासारखं होतंय." मी त्याला जिन्यापर्यंत पोचवलं. थांब म्हणाले नाही. थांबला असता तर कधीतरी दोघं बोलले असते, आणि खंड छापायला जायला अजून महिना होता.

*

बुधवारी आई म्हणाली, "कॉलेजातून फॉर्म आण. देहदानाचा. हिरवा असतो."

आणला. हिरवाच होता. माझं अक्षर चांगलं म्हणून तिने मला भरायला सांगितला. नाव, वय, उंची. जवळच्या नातेवाइकाच्या रकान्याशी मी थांबले.

"लिही, नाहीत."

"आई, दादा आहे. मी आहे."

"लिही."

मी लिहिलं. नाहीत. तीनच अक्षरं, पण ती पसरली, रकाना भरून गेला.

"आणि मग मी कोण?" मी म्हणाले. हसत म्हणायचं होतं, तसं झालं नाही.

आईने फॉर्म हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. चष्मा दादाकडे गेला होता. मग तळाच्या ओळीवर तिने बोट ठेवलं. कोपरापर्यंत पांढरट हात, पीठ लागल्यासारखा.

"तू इथे," ती म्हणाली. "साक्षीदार. तुला सवय आहे."

मी सही केली.

तिला कधी कळलं ते मला माहीत नाही. गुरुवारी माझे कान तापले तेव्हा, की दादाच्या बॅगेकडे बघून, की त्याहीआधी सोमवारी, मी गॅलरीचं दार लोटलं तेव्हाच. कळूनही ती बोलली असेल तर तो शब्द तिने मला दिला असं म्हणावं लागेल. मग तो विचारून काढलेला ठरतो का? हे साहेबांना विचारायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या मंगळवारी ती गेली. दुपारी, मी भांडी घासत असताना. कॉलेजची गाडी आली, दोन पोरं आली, चटपटीत, कानात इअरफोन. एकजण म्हणाला, "बॉडी कुठेय?" मी बोट दाखवलं. त्यांनी अंगठ्याला बिल्ला बांधला. दोरा नायलॉनचा होता. जिन्याच्या पहिल्याच वळणावर तो घसरला आणि पोराने बिल्ला उचलून तिच्या चादरीवर ठेवला.

दादाला मी कळवलं. तो थेट कॉलेजात गेला. खिडकीवरच्या माणसाने त्याला हिरवा फॉर्म दाखवला आणि नातेवाइकांच्या रकान्यावर बोट ठेवलं. दादाने अक्षर ओळखलं. त्यानंतर त्याचा मला फोन आलेला नाही.

*

सोळा दिवसांनी खंड छापायला निघाला. साहेबांनी शेवटचं प्रूफ टेबलावर पसरलं, माझ्या नोंदीशी आले आणि विचारलं, "वक्ता हयात?"

मी प्रूफची दुमडलेली कड सरळ करत राहिले.

"हयात?"

"तिने म्हटलं तेव्हा होती."

"तेव्हाचं कोण विचारतंय? दुसरं कुणी बोलतं?"

"कुणी नाही."

त्यांनी शाईच्या पेनाचं टोपण काढलं.

"मी बोलते," मी म्हणाले. "सर, मी बोलते ना. हे बघा, माझी आई कोर्पू आहे. सहा नंबरच्या टेबलावर आहे. सत्र सुरू झालंय." माझा आवाज टायरच्या दुकानापर्यंत गेला असावा, कारण खालची ठोकाठोक थांबली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं तेवढा वेळ त्यांनी माझ्याकडे आधी कधी पाहिलं नव्हतं. पेन हवेत होतं.

"तू घरची," ते म्हणाले. "आणि हे आपसूक नाही आलं. मी पेन उघडलं म्हणून आलं."

त्यांनी फुली मारली. लहानशी, नेटकी, शाईने. खाली माझी आद्याक्षरं आहेत, सरळ छापलेली. चारशे बाराव्या पानावर उजव्या रकान्यात. त्याच नोंदीतले बाकीचे चारही अर्थ जिवंत आहेत.

शुक्रवारी दादाने आणलेल्या निळ्या बॅगेत पंधरा दिवसांचे कपडे होते.